भिंतीच्या आत काय आहे

ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना पुनर्विकासातल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. तळमजला अधिक तीन मजल्यांच्या चाळीतून ही माणसं चाळीस मजली इमारतींत राहायला गेली, १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात. संडास घरात आला, लिफ्ट आली. शंभर वर्षं सामायिक नळांवर आणि संडासांवर काढलेल्या वस्तीला हे घर हक्कानं मिळालं आहे, आणि त्याचा आनंद झाला तो योग्यच झाला. पण त्या चावीबरोबर आणखी एक गोष्ट या कुटुंबांच्या ताब्यात आली आहे. ती म्हणजे चाळीस मजल्यांचा सांगाडा. तिच्याबद्दल बोलणं फारसं झालेलं नाही. हे पुस्तक त्या सांगाड्याबद्दल आहे.

मुंबईत उंच इमारत ही एकेकाळी मलबार हिल आणि कंबाला हिलवरच्या मोजक्या श्रीमंतांची बाब होती. कारमायकल रोडवरची उषा किरण साठच्या दशकात उभी राहिली तेव्हा लोक ती पाहायला थांबत. आज परळ, लालबाग, ताडदेव, वडाळा, चेंबूर, बोरिवली, कुठेही मान वर केली की क्रेन दिसते. गिरणी गेली तिथे टॉवर आला, उपकरप्राप्त इमारत पडायला आली तिथे टॉवर आला, झोपडपट्टी होती तिथे टॉवर आला. २०१०मध्ये देशातल्या सर्वांत उंच निवासी इमारतींत गणलेले ताडदेवचे इम्पीरियल टॉवर झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनेतूनच आले. म्हणजे ज्यांनी आयुष्यात कधी आर्किटेक्ट पाहिला नाही, अशा लाखो माणसांचं घर आता अशा सांगाड्यावर अवलंबून आहे की ज्याचं गणित करायला विशेष शिक्षण लागतं. त्या गणिताचा गाभा सामान्य वाचकाला कळू शकतो, आणि तो कळणं त्याच्या हिताचं आहे, अशी माझी ठाम समजूत आहे. त्या समजुतीपोटी हे लिहिलं.

गाभा असा. चाळ मुख्यतः एकाच शत्रूशी लढते: स्वतःच्या वजनाशी. माणसं, सामान, भिंती, स्लॅब, सगळं खाली दाबत असतं आणि भिंती ते जमिनीपर्यंत पोचवतात. मजले वाढले की वजन त्याच प्रमाणात वाढतं. दहापट मजले, साधारण दहापट वजन. हे समजायला सोपं आहे आणि म्हणूनच फसवं आहे. कारण उंच इमारतीला वजनाइतकीच, कधी त्याहून जास्त काळजी आडव्या जोराची करावी लागते. वारा बाजूनं ढकलतो, भूकंप पायाखालची जमीन आडवी हलवतो. जमिनीत घट्ट रोवलेल्या काठीला वारा लागला की ती बुंध्याशी मोडायला पाहते. इमारतीचंही तसंच असतं. उंची दहापट केली, तर त्याच वाऱ्यात पायथ्याशी वाकवणारा जोर शंभरपट होतो. आणि सांगाडा तेवढाच जाड ठेवला तर माथ्याचं झुकणं दहा हजारपट होतं. इथे वारा सगळीकडे सारखा धरला आहे. प्रत्यक्षात वर जाल तसा तो आणखी वाढतो. चार मजली चाळ आणि चाळीस मजली टॉवर हे एकाच जातीचे लहान-मोठे भाऊ आहेत, अशा भरवशावर कुणी राहू नये, एवढं या तीन आकड्यांवरून पटावं.

ढाक्यात जन्मलेले आणि शिकागोत कर्तृत्व गाजवलेले फझलुर रहमान खान यांनी साठच्या दशकात हाच प्रश्न मुळातून मांडला. वजन पेलायला लागणारं साहित्य मजल्यांच्या हिशेबात वाढतं, पण आडव्या जोरासाठी लागणारं साहित्य त्याहून कितीतरी वेगानं वाढतं. मग उंचीची ही जादा किंमत कमी कशी करायची? त्यांचं उत्तर होतं, इमारतीची बाहेरची चौकटच एक पोकळ नळी म्हणून वापरायची. जगातल्या अनेक उंच इमारती त्या विचारावर उभ्या आहेत. मुंबईनं मात्र प्रामुख्यानं वेगळी वाट धरली. इथल्या टॉवरांत बहुतांश घरं असतात, ऑफिसं नव्हे. घरांना भिंती लागतातच, मग त्याच भिंती काँक्रीटच्या करून त्यांच्यावर वाऱ्याचा भार टाकावा. मधोमध लिफ्ट आणि जिन्याभोवती काँक्रीटचा जाड कोर, त्यातून बाहेर पसरलेल्या शिअर वॉल, आणि उंची फारच असेल तर मधल्या एखाद्या मजल्यावर कोरला बाहेरच्या कॉलमांशी जखडणाऱ्या मजलाभर उंचीच्या भिंती, म्हणजे आउटरिगर. काँक्रीट स्वस्त पडतं, आगीत टिकतं, आणि त्याचं वजन इथे कामाला येतं. जड इमारत वाऱ्यानं कमी हलते.

या घडणीची मुंबईतली पहिली देखणी शिकवण म्हणजे कांचनजंगा. १९८३ साली कंबाला हिलवर पूर्ण झालेली ही इमारत चार्ल्स कोरिया यांची म्हणून जगभर ओळखली जाते. दोन मजले उंच, कोपऱ्यात कापून काढल्यासारख्या दिसणाऱ्या गच्च्यांची छायाचित्रं वास्तुकलेच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं पाहिलेली असतात. पण कोपरा कापायचा म्हणजे काय, याचा विचार करा. इमारतीचा कोपरा ही कॉलमसाठी सगळ्यांत मोक्याची जागा. तिथला कॉलम काढला तर वरचे मजले हवेत लोंबतात. हे शक्य झालं ते मधल्या कोरमुळे. आडवा जोर सगळा त्या कोरनं घेतला आणि गच्च्या त्याच्या आधारानं बाहेर काढता आल्या. रचनाकार होते शिरीष पटेल. कोर त्यांनी स्लिप फॉर्म पद्धतीनं, म्हणजे साचा थोडा थोडा वर सरकवत सलग ओतून, बाकीच्या इमारतीच्या पुढे नेला; बहुमजली इमारतीसाठी ही पद्धत भारतात तिथे प्रथम वापरली गेली. इमारतीची बाजू २१ मीटर आणि उंची सुमारे ८४ मीटर, म्हणजे रुंदीच्या चौपट. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८मध्ये जवळपास याच उंचीचा झाला होता, २८० फुटांचा. पण तो दगडाचा, स्वतःच्या वजनाच्या जोरावर उभा आणि वर जाताना निमुळता. शंभर वर्षांनी त्याच उंचीवर माणसं गच्चीत झाडं लावून राहू लागली.

कांचनजंगाचं चारास एक हे प्रमाण लक्षात ठेवावं, कारण आजचे टॉवर त्याहून कितीतरी सडपातळ आहेत. गिरणीची जमीन मोठी होती, तिथे पाय पसरायला जागा मिळाली. लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवर उभी असलेली वर्ल्ड वन २८० मीटर उंच आहे. मुळात ती याहूनही बरीच उंच जायची होती, पण विमानांच्या मार्गाच्या कारणानं परवानगी मिळाली नाही. गिरगाव, दादर, माटुंग्याच्या जुन्या प्लॉटांवर मात्र रुंदी मिळत नाही. रुंदी प्लॉट ठरवतो, उंची चटईक्षेत्र ठरवतं, आणि या दोहोंच्या कात्रीत स्ट्रक्चरल इंजिनिअरला सांगाडा बसवायचा असतो. अशा सडपातळ टॉवरमध्ये प्रश्न मोडण्याचा क्वचितच असतो, डुलण्याचा असतो.

वाऱ्याचे आकडे पाहू. भारतीय मानक आयएस ८७५च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरायला सांगितला आहे, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. मोकळ्या जागी, जमिनीपासून दहा मीटरवर, पन्नास वर्षांत एखाद्या वेळी येऊ शकेल असा हा तीन सेकंदांचा झोत. या वेगाचा दाब दर चौरस मीटरला ११८ किलोच्या आसपास भरतो. तीस मीटर रुंद आणि १३० मीटर उंच टॉवरची एक बाजू जवळजवळ ३,९०० चौरस मीटर. वर वाढत जाणारा वारा धरला तर ढोबळ हिशेबानंही बाजूनं ढकलणारा जोर पाचशे टनांच्या पुढे जातो. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा कुलाब्याला ताशी शंभर किलोमीटरांहून जोराचे झोत आले. मानकातला वेग त्याच्या कितीतरी पुढचा आहे, हे वाचून टॉवरमध्ये राहणाऱ्यांना धीर यावा.

पण वारा नुसता ढकलत नाही. इमारतीला वळसा घालून जाताना तो दोन्ही कडांवरून आळीपाळीनं भोवरे सोडतो. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. त्या भोवऱ्यांचा ठेका आणि इमारतीच्या स्वतःच्या डोलण्याचा ठेका जुळला, की इमारत वाऱ्याच्या दिशेला आडवी हलू लागते, आणि हे हलणं वाऱ्याच्या सरळ धक्क्याहून मोठं असू शकतं. पुस्तकी सूत्रांवर इथे पूर्ण विसंबता येत नाही. मग इमारतीची तीनशे-चारशेपट लहान प्रतिकृती करून, भोवतालच्या इमारतींसकट ती गोल तबकडीवर ठेवून विंड टनेलमध्ये तपासतात. तबकडी दर दहा अंशांनी फिरवतात आणि प्रत्येक दिशेचा वारा मोजतात. त्यातून कधी कोपरे गोल करायचं ठरतं, कधी वरच्या मजल्यांचा आकार बदलतो, कधी एखादा मजला वाऱ्याला आरपार मोकळा ठेवला जातो.

मला यात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वाटते ती भोवतालच्या इमारतींची. प्रतिकृतीच्या तबकडीवर आज उभ्या असलेल्या इमारती असतात, फार तर मंजूर झालेल्या. गिरणगावात दहा वर्षांत शेजार ओळखू येत नाही इतका बदलतो. चिमण्या आणि बैठ्या शेडच्या सोबतीनं तपासलेला टॉवर पुढे चार टॉवरांच्या गर्दीत उभा असतो, आणि समोरच्या टॉवरनं विस्कटलेला वारा त्याच्यावर येतो. एका इमारतीवर किती वारा येईल हे शेजाऱ्यानं काय बांधलं यावर ठरतं, आणि शेजारी काय बांधेल हे रचना करताना कुणाला ठाऊक नसतं. एकेका प्लॉटची परवानगी सुटी सुटी देणाऱ्या शहरात हा प्रश्न कुणाच्याच टेबलावर नीट येत नाही. महापालिकेची तांत्रिक समिती फार उंच इमारतींचे प्रस्ताव तपासते, आणि ती असणं हा मोठा आधार आहे. पण एका विभागाचा वारा एकत्र तपासण्याची सोय या शहराला हवी आहे.

डोलण्यावर मर्यादा असते. पन्नास मीटरांहून उंच काँक्रीटच्या इमारतींसाठी २०१७मध्ये प्रथम आलेलं मानक, आयएस १६७००, सांगतं की वाऱ्यानं माथा उंचीच्या पाचशेव्या भागाहून जास्त सरकू नये. अडीचशे मीटरांच्या टॉवरला अर्धा मीटर. हा आकडा ऐकून लोक दचकतात. दचकायचं कारण नाही. अजिबात न हलणारी उंच इमारत बांधता येत नाही आणि बांधूही नये. माणसाला सरकण्याचं अंतर कळतही नाही, त्याला कळतो तो हिसका. म्हणून घरांच्या इमारतींत दहा वर्षांतून एखाद्या वेळी येणाऱ्या वाऱ्यात सर्वांत वरच्या मजल्याचं त्वरण ०.१५ मीटर प्रति सेकंद वर्गापुढे जाऊ नये, असं तेच मानक म्हणतं. ऑफिसांना ०.२५पर्यंत मुभा आहे. घरात माणूस रात्री पलंगावर स्थिर पडलेला असतो, तेव्हा थोडं हलणंही जाणवतं. आपल्या झोपेची एवढी काळजी एका मानकात केलेली आहे, याचं मला नेहमी कौतुक वाटतं.

आता जमीन. मुंबईचा खडक म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, असं आपण शाळेत शिकतो, आणि मलबार हिलवर ते खरंही आहे. पण सात बेटं जोडून झालेल्या या शहरात टेकड्यांच्या मधल्या सखल भागांत भराव आहे, त्याखाली खाडीची मऊ काळी चिकणमाती आहे, मग झिजलेला मुरुमासारखा खडक, आणि मग कुठेतरी पक्का थर. वरळी-परळच्या बाजूला बेसॉल्टऐवजी टफ आणि ब्रेशिया हे ज्वालामुखीच्या राखेतून आणि तुकड्यांतून बनलेले खडक लागतात. त्यांची ताकद चार पावलांवर बदलते. एका प्लॉटच्या एका टोकाला आठ मीटरवर खडक आणि दुसऱ्या टोकाला वीस मीटरवर, हे इथे नवलाचं नाही. चाळीस मजल्यांच्या इमारतीचा भार दर चौरस मीटरला ढोबळमानानं पन्नास-साठ टन होतो. तो झेलायला कुठे खडकावर सरळ दोन-तीन मीटर जाडीचा राफ्ट, म्हणजे काँक्रीटचा सलग थर, चालतो, कुठे खडकात रुतवलेले खांब, म्हणजे पाईल, लागतात. खालची जमीन तपासायला बोअर घेण्यात वाचवलेले पैसे हे बांधकामातले सर्वांत महाग पडणारे पैसे असतात.

आणि समुद्राजवळच्या शहरात पाणी खालून वर ढकलतं, हे तर कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. तीन बेसमेंट खणून आपण जमिनीखाली बारा मीटर गेलो आणि पावसाळ्यात भूजल जमिनीपासून दोन मीटरवर आलं, तर बेसमेंटच्या तळाला दर चौरस मीटरला दहा टनांचा जोर वरच्या दिशेनं लागतो. टॉवरच्या खाली काळजी नाही, वरचं वजन पुरून उरतं. पण टॉवरच्या भोवती नुसतं पार्किंग आणि त्यावर बाग असते, तिथलं वजन पुरत नाही. तिथे तळाचा स्लॅब खडकात पोलादी दोर गाडून खाली बांधून ठेवावा लागतो. बागेत मुलं खेळत असतात आणि त्यांच्या पायाखाली कित्येक मीटरवर हे दोर ताणून धरलेले असतात.

भूकंपाच्या प्रकरणावर मी या पुस्तकात सर्वांत जास्त वेळ थांबलो आहे. कोयना १९६७, किल्लारी १९९३, ही नावं मराठी माणसाला सांगावी लागत नाहीत. टॉवरच्या दृष्टीनं मात्र २६ जानेवारी २००१चा भूज भूकंप जास्त शिकवून गेला. केंद्रापासून दोनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या बऱ्याच इमारतींचा तळमजला गाड्यांसाठी मोकळा होता: वर विटांच्या भिंतींनी ताठ झालेले मजले, खाली नुसते बारीक कॉलम. सगळं वाकणं त्या एका मजल्यात एकवटलं. मुंबईतही स्टिल्टवर उभ्या हजारो इमारती आहेत आणि नव्या टॉवरांखाली सहा-आठ मजल्यांचे पोडियम. गाड्यांना मोकळी जागा हवी असते आणि वरच्या घरांच्या भिंती तिथे अडचणीच्या ठरतात; मग त्या भिंती मध्येच तोडून माणसाहून उंच अशा ट्रान्सफर गर्डरवर टेकवतात. गणितानं ते करता येतं. पण भाराची वाट जितकी सरळ जमिनीपर्यंत जाईल तितकं बरं, हे माझं मत मी लपवून ठेवत नाही. निदान आडवा जोर घेणाऱ्या भिंती आणि कोर तरी पायापर्यंत अखंड गेले पाहिजेत.

मुंबई भूकंपाच्या दृष्टीनं तिसऱ्या विभागात गणली गेली आणि इथल्या फार उंच इमारतींत वाऱ्याचा जोर अनेकदा भूकंपाच्या जोराहून मोठा भरतो. त्यावरून काही जण निष्कर्ष काढतात की वाऱ्याला टिकली म्हणजे भूकंपाला टिकलीच. हा निष्कर्ष चुकीचा आहे. वाऱ्यात सांगाड्यानं काहीही इजा न होता परत सरळ व्हायचं असतं. मोठ्या भूकंपात त्याला इजा होणार हे धरूनच चाललेलं असतं. त्यानं वाकावं, तडकावं, पण कोसळू नये, अशी रचना असते. हा लवचिकपणा लोखंडाच्या बांधणीतून येतो. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती ज्या रिंगा असतात, त्यांची टोकं १३५ अंशांत आत वळवून काँक्रीटच्या गाभ्यात रुतवायची, असं आयएस १३९२० सांगतं. नव्वद अंशांत वळवलेली रिंग धक्क्यात उघडते, आतलं काँक्रीट बाहेर सांडतं आणि सळया फाकतात. ते पंचेचाळीस अंश जादा वळवायला बार बेंडरला काही क्षण जास्त लागतात आणि पुढची सळई गुंफणं जरा जिकिरीचं होतं. बंगाल, बिहार, झारखंडहून आलेला तो कारागीर रोज शेकडो रिंगा वाकवतो. ऑफिसातल्या संगणकावर केलेलं सगळं गणित अखेर त्याच्या मनगटावर येऊन थांबतं, आणि त्याला हा कोन कशासाठी हे क्वचितच कुणी समजावून सांगतं.

काँक्रीटबद्दल इथे थोडक्यात. ते ओतल्यावर २८ दिवसांनी १५० मिलिमीटरचा ठोकळा दाबून पाहतात. साध्या इमारतीत तो दर चौरस मिलिमीटरला पंचवीस-तीस न्यूटनला फुटतो, उंच टॉवरच्या खालच्या कॉलमांत साठ-ऐंशीच्या ग्रेडचं काँक्रीट घालतात. राफ्ट ओतताना सिमेंटची स्वतःची उष्णता इतकी वाढते की मिश्रणात बर्फ घालावा लागतो. आणि उंच इमारतीचे कॉलम वर्षानुवर्षं हळूहळू आखूड होत राहतात, एकूण कित्येक सेंटिमीटर. कोर आणि कॉलम सारखे आखूड झाले नाहीत तर स्लॅब कलतो. याचा हिशेब आधीच करून प्रत्येक मजला किंचित वर चढवून ओततात. हे सगळं तिसऱ्या प्रकरणात सविस्तर आहे.

मला सर्वांत जास्त जे सांगायचं आहे ते यापुढचं. आज मुंबईतल्या बहुतेक उंच निवासी इमारती मायवान शटरिंगमध्ये होतात. अॅल्युमिनियमचे हलके साचे जोडून एका मजल्याच्या भिंती आणि स्लॅब एकाच वेळी ओततात. आठवड्या-दहा दिवसांत मजला उठतो, प्लास्टर लागत नाही. वेगासाठी आणि सफाईसाठी ही पद्धत उत्तम आहे. पण तिनं घराच्या भिंतीचा स्वभाव बदलून टाकला. पूर्वीच्या आरसीसी इमारतीत भार कॉलम घेत आणि भिंत नुसता आडोसा असे. स्वयंपाकघर मोठं करायचं म्हणून मधली भिंत पाडली तर फार तर शेजारी कुरकुर करत. मायवानच्या घरात स्वयंपाकघर आणि झोपायची खोली यांच्यामधली भिंत हीच कॉलम असते. ती तिच्यावरच्या तीस मजल्यांचं वजन आणि वाऱ्याचा वाटा घेत असते. तीत दार पाडणं म्हणजे इमारतीचा पाय कापणं. काही स्लॅबांत पोस्ट टेन्शनच्या तारा असतात, प्रचंड ताणून बसवलेल्या. फॉल्स सीलिंगसाठी केलेलं एक खोल भोक त्यातली तार तोडू शकतं.

ताबा मिळाल्यावर पहिली धावपळ असते ती इंटिरिअरची. हातोडा घेऊन येणारा माणूस आडोशाची भिंत आणि भाराची भिंत यांत फरक करीलच याची खात्री नाही. चाळीतून आलेल्या कुटुंबानं, आयुष्यभर पै-पै साठवून घर घेतलेल्या मध्यमवर्गीयानं हे जाणून असावं अशी अपेक्षा कुणाच्या आधारावर करायची, जर त्याला कुणी सांगितलंच नाही? विक्रीच्या माहितीपत्रकात जिमखाना असतो, पोहण्याचा तलाव असतो. कोणत्या भिंतींना हात लावायचा नाही हे सांगणारा एक साधा नकाशा नसतो. तो प्रत्येक घराच्या दाराआड लावलेला असावा, इतकी माझी मागणी साधी आहे.

त्यात इथली हवा. समुद्राचं मीठ काँक्रीटमधून आत शिरतं, सळई गंजते, गंज फुगतो, आणि बाहेरचा थर सुटतो. सळईवर किती काँक्रीट हवं याचा नियम आयएस ४५६मध्ये आहे: तीव्र परिस्थितीत ४५ मिलिमीटर, अति तीव्र परिस्थितीत ५०. सळई साच्यापासून दूर धरणारे कव्हर ब्लॉक बसवायचे राहिले की तिथे वीस मिलिमीटर उरतं आणि पंचवीस वर्षांनी तिथेच पहिली भेग दिसते. तीन मजल्यांच्या इमारतीला परांची बांधून डागडुजी होते. १२० मीटरवरच्या बाहेरच्या भिंतीला झुल्यावरून माणूस उतरवावा लागतो, आणि तो खर्च कुणाच्या सिंकिंग फंडातून येणार हे आज ठरवावं लागतं.

कायद्यात थोडा आधार आहे. २०१६च्या रेरा कायद्यानं सांगाड्यातल्या दोषांची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षं विकासकावर ठेवली, आणि भोगवटा प्रमाणपत्रानंतर तीस दिवसांत नकाशे आणि कागदपत्रं रहिवाशांच्या संस्थेकडे सोपवायला सांगितलं. महापालिकेच्या कायद्यानुसार तीस वर्षांनंतर स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं होतं. पाचव्या आणि तिसाव्या वर्षाच्या मधली पंचवीस वर्षं इमारत सर्वस्वी सोसायटीच्या हवाली असते, आणि पुष्कळ सोसायट्यांकडे आरसीसीचे नकाशे नसतात. ते मागितले जात नाहीत, कारण ते आपले आहेत हे ठाऊक नसतं. मूळ रचनाकार कोण होता, हेही काही वर्षांनी कुणाला सांगता येत नाही. औषधाच्या बाटलीवर जितकी माहिती असते तितकीही चाळीस मजल्यांच्या इमारतीबद्दल तिच्या रहिवाशांकडे नसावी, याचं मला दुःख होतं.

उंच इमारती हव्यात की नकोत, या वादात हे पुस्तक फार खोल शिरत नाही. तो वाद महत्त्वाचा आहे. कांचनजंगाचा सांगाडा उभा करणाऱ्या शिरीष पटेल यांनीच पुढे अनेक वर्षं मुंबईतल्या वाढत्या दाटीबद्दल लिहिलं आणि बीडीडी चाळींच्या पुनर्विकासातल्या दाटीवर आक्षेप घेतला. इमारत उभी राहू शकते एवढ्यावरून ती तिथे असावी असं ठरत नाही. दोन टॉवरांमधल्या खालच्या मजल्यांवर ऊन पोचतं का, शाळेला आणि दवाखान्याला जागा उरते का, हे प्रश्न कोणत्याही शिअर वॉलनं सुटत नाहीत. मला त्यांचा आक्षेप पटतो. पण ज्यांना घर मिळालं आहे ते आज तिथे राहत आहेत, आणि वाद मिटेपर्यंत त्यांना वाट पाहता येणार नाही.

पुस्तक इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनाही उपयोगी पडेल अशी आशा आहे, पण ते मनात धरलं आहे सोसायटीच्या सेक्रेटरीला, ज्याच्यासमोर पन्नास पानी ऑडिट रिपोर्ट येतो आणि सर्वसाधारण सभेत तासाभरात निर्णय घ्यायचा असतो. म्हणून गणितं बेरीज-गुणाकारापलीकडे नेलेली नाहीत आणि साइटवर जे शब्द चालतात तेच ठेवले आहेत. सळया बांधणाऱ्या, शटरिंग लावणाऱ्या, रात्रपाळीला पंपावर उभं राहणाऱ्या अनेक कामगारांनी हातातलं काम क्षणभर थांबवून मला गोष्टी दाखवल्या. काँक्रीट नीट बसलं की नाही हे व्हायब्रेटरच्या आवाजावरून ओळखायला त्यांनीच शिकवलं. त्यांचे आभार.

ज्यांना घराचा ताबा नुकताच मिळाला आहे किंवा मिळणार आहे, त्यांनी पहिली पाच प्रकरणं तूर्त बाजूला ठेवून सहावं आधी वाचावं. विकासकाकडून कोणते कागद मागायचे, आरसीसीच्या नकाशावर भाराची भिंत कशी ओळखायची आणि इंटिरिअरवाल्याला परवानगी देण्याआधी सोसायटीनं काय लिहून घ्यायचं, हे तिथे आहे.